अनवाणी पावलांचें बळ

१९१९ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत सर दोराबजी टाटांना शेतकरी गडी अनवाणी धांवतांना दिसले. त्यांची वेळ युरोपांतील धांवपटूंच्या तोडीची वाटली. टाटांच्याच पुढाकारानें १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेलेले बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें १९वे आले. वेळ २ तास ५० मिनिटें ४५ सेकंद.

अनवाणी धांवणारा बहुधा चवड्यावर उतरतो. धक्का पोटरी झेलते. जाड टांचेच्या बुटांत पाऊल बहुधा टांचेवर पडतें आणि भार नडगीपुढील स्नायूंवर व गुडघ्यावर जातो. पादत्राण केवळ तळवा राखीत नाहीं, स्नायूंचीं कामेंहि बदलतें. म्हणूनच बूट एकाएकीं टाकणाऱ्यानें पोटरीला नवें काम शिकण्यास अवधि द्यावा.