इंडॉक्सिल सल्फेट
इंडॉक्सिल सल्फेट : मूत्रपिंडांच्या चिरकारी (दीर्घकालीन) विकारात रक्तात साचणारा एक प्रथिनबद्ध विषारी पदार्थ. रेणुभार सु. २१३. मूत्रातील ‘इंडिकन’ या जुन्या नावानेही तो ओळखला जातो.

इतिहास : या पदार्थाच्या शोधाचा प्रारंभ नीळ या रंगद्रव्यापासून होतो. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड शुंक यांनी १८५५ मध्ये नीळ देणाऱ्या वनस्पतीपासून इंडिकन वेगळे केले. मूत्रातही निळा रंग देणारे द्रव्य आढळल्यामुळे ही दोन्ही द्रव्ये एकच असावीत, असा प्रथम समज झाला. आडोल्फ फोन बायर यांनी १८६६ मध्ये निळीवर संशोधन करताना इंडोल मिळविले. प्राण्याच्या शरीरात इंडोल टोचल्यास मूत्रातील इंडिकन वाढते, असे माक्स याफे यांना आढळले. ऑयगेन बाउमान व लुडविख ब्रीगर यांनी १८७९ मध्ये मूत्रातील इंडिकन म्हणजे इंडॉक्सिलाचे सल्फेट होय, असे सिद्ध केले. वनस्पतीतील इंडिकन मात्र इंडॉक्सिल व ग्लुकोज यांचे संयुग आहे. फ्रेडरिक हॉपकिन्स व सिडनी कोल यांनी १९०१ मध्ये ट्रिप्टोफेन हे ॲमिनो अम्ल शोधून काढले आणि त्यापासून सूक्ष्मजंतू इंडोल तयार करतात, हे पुढे दाखविले.

याच सुमारास ‘आतड्यातील सडण्यामुळे शरीर स्वतःच विषग्रस्त होते’ या मताचा यूरोपात मोठा प्रभाव होता. मूत्रातील इंडिकन हे त्या विषबाधेचे माप मानले गेले. लंडनमधील शस्त्रक्रियाविशारद आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी काढून टाकली. पुढे हे मत निराधार ठरले व त्याबरोबर इंडिकनाचा अभ्यासही मागे पडला. निरोगी मूत्रपिंडे हा पदार्थ सहज बाहेर टाकतात. त्याचा उपद्रव मूत्रपिंडे निकामी झाल्यावरच जाणवतो, ही गोष्ट त्या वादात नजरेआड झाली.

निर्मिती : डाळी, दूध, मांस इत्यादींतील प्रथिनांपासून मिळणाऱ्या ट्रिप्टोफेनाचा काही अंश मोठ्या आतड्यात पोहोचतो. तेथील सूक्ष्मजंतू ट्रिप्टोफेनेज या एंझाइमाच्या (जीवरासायनिक विक्रिया घडविण्यास साहाय्य करणाऱ्या प्रथिनाच्या) योगे त्याचे इंडोलात रूपांतर करतात. रक्तात शोषलेले इंडोल यकृतात जाते. तेथे त्याचे ऑक्सिडीकरण होऊन इंडॉक्सिल बनते व त्यास सल्फेट गट जोडला जाऊन इंडॉक्सिल सल्फेट तयार होते.

उत्सर्जन व अपोहन : रक्तातील या पदार्थाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग अल्ब्युमीन या प्रथिनाशी बद्ध असतो. त्यामुळे तो केशिकागुच्छातून (रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांच्या जाळ्यातून) फारसा गाळला जात नाही; मूत्रपिंडातील नलिकांच्या कोशिका तो रक्तातून ओढून मूत्रात सोडतात. निरोगी व्यक्तीच्या रक्तद्रवात त्याचे प्रमाण लिटरमागे १ मिग्रॅ.हूनही कमी असते. अपोहनावरील (डायलिसिसवरील) रुग्णांत ते सरासरी २० ते ५० मिग्रॅ.पर्यंत आढळले आहे. अपोहनाच्या पटलातून केवळ मुक्त रेणूच पार होतात. म्हणून अपोहनाच्या एका सत्रात यूरियाचे प्रमाण सु. दोन-तृतीयांशाने घटत असले, तरी इंडॉक्सिल सल्फेटाचे सु. एक-तृतीयांशानेच घटते. मूत्रविषरक्ततेतील विषांचे २००३ मध्ये जे वर्गीकरण प्रसिद्ध झाले, त्यातील ९० पदार्थांपैकी २५ प्रथिनबद्ध होते.

दुष्परिणाम : जपानी वैद्य तोशिमित्सु निवा यांनी १९९० नंतरच्या दशकात असे दाखविले की, मूत्रपिंडांचा बराच भाग काढलेल्या उंदरांना हा पदार्थ दिल्यास उरलेल्या केशिकागुच्छांचे काठिण्य वाढते. नलिकांच्या कोशिकांत तो ऑक्सिडीकारक ताण निर्माण करतो व तेथे तंतुमय ऊतक वाढीस लागते. अशा रीतीने मूत्रपिंडांच्या दुर्बलतेमुळे साचलेले विष त्यांना आणखी दुर्बल करते. रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरासही त्यापासून इजा पोहोचते. रक्तातील त्याचे प्रमाण व हृद्‌विकार यांचा संबंध काही पाहण्यांत आढळला, तर काहींत आढळला नाही.

उपाय : आतड्यातच इंडोल शोषून घेणारे कार्बनयुक्त औषध जपानमध्ये १९९१ पासून वापरात आले. तथापि इतर देशांत दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत त्यामुळे रोगाची वाढ लक्षणीय रीत्या मंदावल्याचे दिसले नाही. यशस्वी प्रतिरोपणानंतर मात्र रक्तातील प्रमाण झपाट्याने घटते.

भारतात अपोहनाचा प्रसार झाला, तसे या प्रश्नाचे व्यावहारिक महत्त्वही वाढले. विदर्भातील अनेक जिल्ह्यांतून व लगतच्या मध्य प्रदेशातून रुग्ण मूत्रपिंडविकारांच्या उपचारांसाठी नागपूरला येतात. केंद्र शासनाने २०१६ मध्ये जिल्हा रुग्णालयांसाठी राष्ट्रीय अपोहन कार्यक्रम जाहीर केल्यावर ही सोय गावाजवळ मिळू लागली. परंतु आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी सु. चार तास होणारे अपोहन नलिकांचे अहोरात्र चालणारे कार्य करू शकत नाही. अपोहन सुरू झाल्यावरही रुग्णास जे थोडे मूत्र होते, त्यावाटे हा पदार्थ काही प्रमाणात बाहेर पडतच असतो. म्हणून मूत्रपिंडांचे उरलेले कार्य जपणे, रक्तदाब आटोक्यात ठेवणे व सल्ल्याशिवाय वेदनाशामके न घेणे, यांस उपचारात यंत्राइतकेच महत्त्व आहे.