शेवटलेला फाळ, बदललेलं चाक

पुण्याच्या आसपासच्या गावांत पूर्वी नांगराचा फाळ झिजला की तो बदलत नसत, शेवटत. लोहार झिजलेल्या टोकाला लोखंडाचा तुकडा जोडायचा, ठोकून धार काढायचा आणि फाळ पुन्हा वावरात जायचा. मोबदला खळ्यावर, धान्यात. सुतार-लोहाराचं बलुतं हा तेव्हाचा देखभालीचा करारच होता. दोन नांगर क्वचितच एकसारखे असत, पण अडत कुणाचंच नव्हतं. दुरुस्त करणारा वेशीच्या आतच राहत होता.

सुटा भाग विकत आणायची सवय कारखान्यानं लावली. इंग्लंडात इप्सविचच्या रॅन्सम यांनी १८०८ सालीच शेतात भाग बदलता येतील अशा नांगराचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडे हे वळण रुजवलं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. गंमत म्हणजे त्यांचा धंदा सुरू झाला तो १८८८ मध्ये, बेळगावातल्या सायकलींच्या दुकानातून. पुढे कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते अशी समजूत असल्यामुळे पहिले सहा नांगर खपायलाच दोन वर्षं गेली म्हणतात. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर घडले.

पण या नांगरांचा ओतीव बिडाचा फाळ गावच्या भात्यावर शेवटता येत नाही. ठोकलं की तडकतो. झिजला की नवा घ्यायचा. बलुत्याचा एक धागा तिथेच तुटला.

१९४६ मध्ये खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि विहिरींवर मोटेऐवजी इंजिनं धडधडू लागली. पेरणीत मात्र पाभर बराच काळ टिकली. चाड्यावर, म्हणजे पाभरीच्या बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरणाऱ्या बाईच्या बोटांवर बियाण्याचा हिशेब असे; सरावलेली मूठ ही मोठी मिरास होती.

ठरावीक अंतरावर एकेक बी टाकणाऱ्या टोकण यंत्रानं तो हिशेब दातेरी चाकावर नेला. समजा, जमिनीवर फिरणाऱ्या चाकाचा घेर १२० सेंटिमीटर आहे आणि बियाण्याच्या चकतीला सहा खाचे आहेत. दोन्हीकडे साखळीनं जोडलेली १६ दातांची चाकं असतील, तर दर २० सेंटिमीटरला एक बी पडतं. चकतीकडे २४ दातांचं चाक बसवा, अंतर ३० वर जातं. म्हणजे सुटा भाग इथे दुरुस्तीपुरता उरत नाही, पीक बदललं की तोही बदलावा लागतो. बोटांचं कसब असं दातांच्या आकड्यात उतरलं. सोय झाली हे खरं, पण मूठ उसनी मिळायची, चाकाला रोख पैसे पडतात.

धूळ आणि कोरडी साखळी या चाकांचे वैरी. दात एका बाजूनं झिजून आकड्यासारखे वाकतात, आणि अशा चाकावर नवी साखळी चढवली तर तीही लवकर ताणते.

अशी चाकं शोधायची तर पुण्यात नाना पेठेत दुचाकींच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, तर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जुनं लोखंड मांडलेलं असतं. पण सायकलच्या साखळीच्या दोन खिळ्यांतलं अंतर अर्धा इंच असतं. यंत्राची साखळी त्याच मापाची असेलच असं नाही. तेव्हा चाक घ्यायला निघाल तर जुनं चाक आणि साखळीचा तुकडा सोबत न्या, दात मोजा, दांड्याचं भोक मापून घ्या, आणि शक्यतो चाक नि साखळी दोन्ही एकदमच बदला.