मतहक्काविना प्रतिनिधी

पॅसिफिक महासागरातील ग्वाम हे बेट लहानसे. परंतु तेथील ख्रिस्ती श्रद्धेची परंपरा तीन शतकांहून जुनी आहे. १६६८ साली येशूसंघीय धर्मगुरू दिएगो दे सान व्हितोरेस तेथे उतरले आणि चारच वर्षांनी त्या भूमीवर त्यांनी रक्तसाक्ष दिली. १८९८ मध्ये स्पेनकडून हे बेट अमेरिकेकडे गेले. पुढे, जपानी अंमलाची काही वर्षे वगळता, अर्धशतकभर तेथे अमेरिकन नौदलाचे गव्हर्नर राज्य करीत होते. लोकशाहीचा पुरस्कार करणाऱ्या राष्ट्राच्या ध्वजाखाली तेथील चामोरो जनता मात्र नागरिकत्वावाचून जगत होती.

त्या काळात, १९०८ साली, सुमाय गावी अंतोनियो बोर्हा वॉन पॅट यांचा जन्म झाला. वडील चिनी, आई चामोरो, पेशा शिक्षकाचा. १९३६ मध्ये ते ग्वाम काँग्रेसवर निवडून आले. परंतु त्या सभेला केवळ सल्ला देण्याचा अधिकार होता. महायुद्धात जपानने बेट व्यापले. १९४४ मध्ये सुटका झाली खरी. पण सुमायचे रहिवासी आपल्या गावी परतू शकले नाहीत. त्यांचे गाव नौदलाच्या तळात गेले.

मार्च १९४९ मध्ये नौदलाच्या गव्हर्नरांनी सभेचा चौकशीचा अधिकार नाकारला, तेव्हा सभापती वॉन पॅट यांच्यासह सभासद सभात्याग करून बाहेर पडले. त्या वार्तेने अमेरिकेचे लक्ष वेधले. १ ऑगस्ट १९५० रोजी कायदा होऊन बेटवासीयांना नागरिकत्व व नागरी शासन मिळाले.

१९६५ पासून वॉन पॅट वॉशिंग्टनमध्ये ग्वामचे निर्वाचित प्रतिनिधी झाले. पण संसदेत त्यांना आसन नव्हते. शुभवर्तमानातील विधवेने न्यायाधीशाचा पिच्छा पुरवावा, तसा त्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला. अखेर १९७२ मध्ये कायदा झाला आणि जानेवारी १९७३ मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, ते प्रतिनिधीगृहात बसले. ते तेथे बोलू शकत, विधेयके मांडू शकत, समितीत मत देऊ शकत. परंतु विधेयकावरील अंतिम मतदानाचा अधिकार त्यांना नव्हता. तरी १२ वर्षे त्यांनी हे अपुरे साधन नेटाने वापरले.

१९८४ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. १९८७ मध्ये ते निवर्तले. ग्वामचा विमानतळ आज त्यांचे नाव मिरवतो. ग्वामच्या प्रतिनिधीला अंतिम मताचा अधिकार मात्र आजही नाही. संपूर्ण न्यायाची वाट पाहताना हाती आलेला अर्धा न्याय त्यांनी झिडकारला नाही, आणि त्यालाच पूर्ण न्यायही मानले नाही. त्यांच्या जीवनाचे मोल येथेच आहे.