तुम्हाला काय चालत नाही?

मंडळी, जपानी जेवण म्हटलं की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. "कच्चे मासे खातात म्हणे!" ही पहिली आणि "आपल्यासारख्यांचे तिथे हालच!" ही दुसरी. दोन्हींमागचा समज एकच, की जपानी माणसाला काहीही चालतं. प्रत्यक्षात या देशाने जवळजवळ बाराशे वर्षं मांसाहारावर बंधनं घातली, ती पाळली, मोडली, त्यातून पळवाटाही काढल्या. हे वाचलेलं होतं, पण त्याचा नीट विचार झाला तो टोकियोला गेले असताना असाकुसा भागात 'हलाल जपानी जेवणा'च्या सहलीला जाऊन आल्यावर. सहलीबद्दल सांगतेच, पण आधी इतिहास. जुनी खोड, दुसरं काय!

इ. स. 675 मध्ये तेन्मु सम्राटाने एक फर्मान काढलं. गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खायचं नाही, आणि तेही चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत. सहाव्या शतकात बौद्ध धर्म जपानात पोचला होता, त्यातल्या अहिंसेचा हा परिणाम. पण महिने पाहा. हा सगळा भातशेतीचा हंगाम आहे. बैल आणि घोडा शेतात हवेत, ताटात नकोत, असाही हिशेब त्यात असावा असं अभ्यासक म्हणतात. आपल्या चातुर्मासाची आठवण येते की नाही? मासे या यादीत नव्हते. हरीण आणि रानडुक्करही नव्हते.

पुढच्या काळात अशी फर्मानं पुन्हापुन्हा निघाली. शिक्षकाला यातून एक गोष्ट लगेच कळते. ज्या वर्गात "गडबड करू नका" हे रोज सांगावं लागतं, त्या वर्गात गडबड चालूच असते! लोक मांस खात होते, पण नाव बदलून. रानडुकराला 'डोंगरातला देवमासा' म्हणायचे, म्हणजे ते मासळीत जमा. हरणाचं मांस 'मेपलची पानं', घोड्याचं 'चेरीचा मोहोर'. शिवाय 'औषध म्हणून खाणं' असा एक खास शब्दप्रयोगच होता. उपासाला बटाटा आणि शेंगदाणे चालवून घेणाऱ्या आपण मंडळींनी याला हसू नये. हे दोन्ही अमेरिका खंडातून इथे आले, आपल्या कुठल्याही जुन्या शास्त्रकाराने त्यांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

पळवाटा होत्या, तरी बंधनाने स्वयंपाकघर घडवलं हे खरं. मांस दुर्मिळ, दूधदुभतं जवळजवळ नाही, मग पोषण आणि चव आणायची कुठून? सोयाबीनमधून. तोफू, मिसो, सोया सॉस हे सगळं त्या एका दाण्याचं. झेन मठांमध्ये 'शोजिन र्‍योरी' नावाची शाकाहारी पाककलाच तयार झाली. त्यात मांस-मासे तर नाहीतच, पण कांदा-लसणाच्या जातीच्या उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य. समुद्रातलं कोम्बु शेवाळ आणि वाळवलेले शिताके मशरूम पाण्यात मुरवून त्यांचा रस काढायचा आणि त्यावर सगळी चव उभी करायची. "बंधनं आली की जेवण बेचव होतं" म्हणणाऱ्याने ते एकदा चाखून पाहावं.

या कथेत आपला गोवाही येतो. 1543 मध्ये पोर्तुगीज पहिल्यांदा जपानच्या किनाऱ्याला लागले आणि 1549 मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमाला पोचला. (तोच, ज्याचं शव जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये आहे.) त्याने गोव्यातल्या आपल्या सोबत्यांना तिथून लांबलचक पत्र लिहिलं. हे लोक पाळलेली जनावरं मारून खात नाहीत, भात, भाजीपाला आणि कधीमधी मासे यांवर राहतात, आणि तरी प्रकृतीने ठणठणीत असतात, याचं त्याला नवल वाटलं होतं. गंमत म्हणजे त्याच पोर्तुगीजांकडून जपानी लोक पिठात बुडवून तळायला शिकले. तोच आजचा 'तेम्पुरा', आपल्या भज्यांचा लांबचा भाऊ. हा शब्द कॅथलिक लोकांच्या मांस न खाण्याच्या दिवसांच्या लॅटिन नावावरून आला असं बरेच अभ्यासक मानतात. तसं असेल तर जपानचा एक प्रसिद्ध पदार्थ परक्यांच्या उपासाच्या दिवसाचं नाव घेऊन मिरवतो आहे!

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण बंधनाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही.

मांस अपवित्र, मृत जनावर अपवित्र. पण जनावरं मरतातच आणि कातडं तर सगळ्यांनाच लागतं. सामुराईच्या चिलखतालाही लागत असे. मग हे काम करणाऱ्यांनाच अपवित्र ठरवलं. त्यांची वस्ती वेगळी, लग्नसंबंध वेगळे, धंदा जन्माने ठरलेला. जपानात वर्ण रंगाचा, भाषेचा, धर्माचा फरक नसताना माणसं अशी बाहेर ठेवली गेली. त्यांना आज 'बुराकुमिन' म्हणतात. 1871 मध्ये मेइजी सरकारने कायद्याने हा भेद रद्द केला. आणि 1872 च्या सुरुवातीला स्वतः सम्राटाने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं. पाश्चात्त्यांच्या बरोबरीला यायचं तर त्यांच्यासारखं खायला हवं, असा तो हिशेब होता. याच्या विरोधात काही तपस्वी राजवाड्यात घुसले आणि त्यांतले काही मारलेही गेले.

आता बघा, सम्राट मांस खाऊ लागला, शहरांत गोमांसाच्या खानावळी निघाल्या, पण जनावर सोलणाऱ्याच्या घरी सोयरीक करायला लोक तयार नव्हतेच. बंधन ताटातून गेलं, मनातून गेलं नाही. शेवटी 1922 च्या मार्चमध्ये क्योतोमध्ये या समाजाने 'सुइहेइशा' म्हणजे समतेची संघटना स्थापन केली. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1927 च्या मार्चमध्ये, महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. इयत्ता दहावीच्या वर्गाला महाड शिकवताना मी क्योतोचं नाव फळ्यावर शेजारी लिहीत असे. मुलांना वाटायचं, असलं काही फक्त आपल्याकडेच. तसं नसतं.

आता हलालकडे वळते. आपल्याकडे 'हलाल' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त जनावर कापण्याची पद्धत येते. शब्दाचा अर्थ त्याहून मोठा आहे : जे करायला, खायला परवानगी आहे ते. त्याच्या उलट हराम. ('हरामाचा पैसा' हा तर आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द.) जपानात मुसलमान फार पूर्वीपासून नव्हते. 1890 मध्ये 'एर्तुरुल' हे तुर्की लढाऊ जहाज वादळात वाकायामाच्या किनाऱ्यावर फुटलं. पाचशेच्या वर माणसं गेली, 69 वाचली. किनाऱ्यावरच्या गरीब गावकऱ्यांनी घरात होतं-नव्हतं ते या परक्यांना खायला घातलं. तुर्कस्तानात ती गोष्ट अजून सांगतात. 1935 मध्ये कोबेला मशीद झाली. तिला पैसा देणाऱ्यांत तिथले हिंदी व्यापारी होते. ती 1945 च्या बॉम्बहल्ल्यातून आणि 1995 च्या भूकंपातूनही उभी राहिली. टोकियोची मशीद 1938 ची. ती रशियन क्रांतीनंतर पळून आलेल्या तातार लोकांची. ती इमारत 1986 मध्ये पाडली आणि 2000 मध्ये नवी झाली. 2013 मध्ये जपानने मलेशियाच्या प्रवाशांचा व्हिसा माफ केला, इंडोनेशियासाठी नियम सैल केले, आणि पाहुणे मोठ्या संख्येने येऊ लागले. मग प्रश्न आला, यांना जेवायला काय द्यायचं?

सहलीत हाच प्रश्न समजत गेला. आम्ही आठजण होतो. मलेशियाचं एक कुटुंब, इंडोनेशियाच्या दोन मुली आणि मी नि माझी सून. सूनबाईने ही सहल निवडली, कारण "तिथे पदार्थात काय आहे ते नीट सांगतात" हे तिने वाचलं होतं. आमची वाटाडी एक तरुण जपानी मुलगी. सेन्सोजी देवळाच्या मोठ्या लाल कंदिलापाशी भेटताच तिने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : तुम्हाला काय चालत नाही? आणि उत्तरं वहीत लिहून घेतली. मी म्हटलं, मासे-कोंबडी चालते, बाकी मांस नाही. तिने मान लववून तेही लिहिलं.

मग ती समजावत गेली. डुक्कर टाळणं सोपं, असं आपल्याला वाटतं. पण रामेनच्या रश्शात त्याची हाडं उकळलेली असतात, तळणीत त्याची चरबी असू शकते. दारूचं त्याहून अवघड. 'मिरीन' नावाची गोड, पाकासारखी तांदळाची दारू जपानी स्वयंपाकात आपल्या गुळासारखी जिथे तिथे पडते. माशावरची ती चकाकी तिचीच. तिच्यात सुमारे 14 टक्के मद्यार्क असतो. सोया सॉस आंबवताना त्यातही थोडा मद्यार्क तयार होतो आणि टिकण्यासाठी काही जण वरून घालतात. तो आपोआप झालेला चालतो की नाही, यावर मुसलमान धर्मशास्त्र्यांतही एकमत नाही. शिवाय जपानात सरकारी हलाल शिक्का नाही, अनेक खाजगी संस्था आपापले दाखले देतात. म्हणून शेवटी प्रत्येकाला विचारावंच लागतं.

आम्ही कोंबडीच्या रश्श्यातलं रामेन खाल्लं. मिरीनऐवजी साखर वापरली होती, म्हणून आचाऱ्याने स्वतः येऊन सांगितलं. दुसऱ्या दुकानात हलाल गोमांसाच्या तळलेल्या टिक्क्या होत्या. तिथे माझ्यासमोर न मागता भोपळ्याचा आणि रताळ्याचा तेम्पुरा आला. मलेशियाच्या आजीबाईंनी माझ्या ताटाकडे पाहून विचारलं, "तुमचा उपास का?" मी म्हटलं, "नाही हो, आमच्याकडे गाय खात नाहीत." त्या म्हणाल्या, "आमच्या शेजारी तामिळ लोक आहेत, मला माहीत आहे." आणि आपल्या ताटातलं लोणचं माझ्या ताटात सरकवलं.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. काय खायचं नाही, हे ठरवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. झेन भिक्षूला आहे, मलेशियाच्या आजींना आहे, माळकऱ्याला आहे, मलाही आहे. पण त्या नियमाचं तोंड कुठे आहे हे बघावं. नियम स्वतःच्या ताटापुरता असला तर त्यातून तोफू निघतो, शिताकेचा रस निघतो, नवी पाककला निघते. तोच नियम शेजाऱ्याच्या ताटाकडे वळला की वस्त्या वेगळ्या होतात, तळी बंद होतात आणि मग कायदा आला तरी पिढ्यान्‌पिढ्या निस्तरत बसावं लागतं. हल्ली आपल्याकडे घर भाड्याने देताना "तुम्ही काय खाता?" असं विचारतात. असाकुसातल्या मुलीचा प्रश्न ऐकायला जवळजवळ तसाच होता. पण ती विचारत होती ते पंगतीत बसवण्यासाठी, आणि इथे विचारतात ते बहुतेक वेळा दार लावून घेण्यासाठी.

असो. तुमच्यापैकी कुणी जपानला जाणार असेल तर शोजिन र्‍योरी जरूर खा. आणि शाकाहारी असाल तर साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही वाळवलेल्या माशाचा रस असतो, हे आधी विचारून घ्या. हलाल पाटीवर विसंबू नका. मासा हलालच असतो!