पूर ओसरल्यावरचे दप्तर

दिवाळीच्या अंकात पुराची हकीकत पाहून एखादी गृहिणी म्हणेल, "अहो, सणासुदीच्या दिवसांत हे कशाला?" तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. परंतु आपल्या महाराष्ट्रात पूर आणि दिवाळी यांचे नाते अलीकडे चांगलेच जुळून आले आहे. आषाढात पाणी घरात शिरते, श्रावणात पंचनामे होतात आणि आश्विनात 'दिवाळीपूर्वी मदत हाती पडेल' असे आश्वासन मिळते. २०२० च्या ऑक्टोबरात १०,००० कोटी रुपयांची आणि २०२५ च्या ऑक्टोबरात ३१,००० कोटींहून अधिक रकमेची घोषणा झाली, ती दोन्ही वेळा दिवाळीचा वायदा करूनच. करंज्यांचे सारण करता करता तलाठ्याच्या यादीत आपले नाव चढले की नाही, याची चौकशी चालू आहे, अशी घरे आपल्या राज्यात थोडीथोडकी नाहीत. त्या यादीचा इतिहास सांगण्याचा विचार आहे, आणि त्यासाठी वाचकांना प्रथम उल्हास नदीच्या काठी, चामटोलीला न्यायचे आहे.

बदलापूर सोडून वांगणीकडे जाऊ लागले की आगगाडीच्या खिडकीतून भाताची खाचरे दिसू लागतात. चामटोली हे या टापूतले गाव, ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातले. १२ मे १८५६ रोजी कल्याणहून पळसधरीमार्गे खोपोलीपर्यंत लोहमार्ग खुला झाला, तेव्हापासून या खोऱ्याच्या दारावरून आगगाडी जाते. पुण्याकडचा बोरघाट पुढे १८६३ साली ओलांडला गेला. त्यापूर्वी इकडे वर्दळ होती ती घोड्यांची आणि बैलांची. बदलापूर हे नावच मुळी घोडे बदलण्यावरून पडले, असे जुनी माणसे सांगतात. ते खरे असो वा नसो, ऐकायला गोड आहे.

उल्हास ही तशी लहान नदी. खंडाळा-राजमाचीच्या बाजूला उगम पावून कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असे करीत ती कल्याणच्या खाडीला मिळते. लांबी सारी सव्वाशे किलोमीटरांच्या आत. परंतु तिच्यात पाणी एकट्या तिचे नाही. टाटांचे भिवपुरीचे वीजगृह १९२२ साली सुरू झाले, तेव्हापासून सह्याद्रीच्या पूर्वेला वाहणाऱ्या आंद्रा नदीचे पाणी घाटाखाली उतरून पेज नदीवाटे उल्हासला मिळते. म्हणून उन्हाळ्यात कोकणातल्या इतर नद्या कोरड्या ठणठणीत पडल्या, तरी उल्हास वाहती असते आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण ही गावे तिच्यावर तहान भागवितात. वर्गात हे सांगितले की मुलांना मोठी गंमत वाटते. पूर्वेचे पाणी पश्चिमेला जाते, हा भूगोलाच्या पुस्तकाविरुद्धचा प्रकार त्यांना फार आवडतो.

या नदीचा पूर मात्र सरळ घाटावरून येतो. डोंगरात धो धो पडलेले पाणी काही तासांतच खाली पोहोचते. खाली कल्याणच्या खाडीला भरती असली तर ते तुंबते, ओहोटी लागली की झपाट्याने उतरते. रात्री अंथरुणात शिरावे आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत निघून जावे, ही कोकणातल्या बहुतेक सगळ्याच नद्यांची रीत. ती ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

२६ जुलै २००५ चा पाऊस कोण विसरेल? सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मुंबईच्या हालांचे वर्णन वृत्तपत्रांनी पानेच्या पाने केले. उल्हासच्या खोऱ्यानेही तो दिवस असाच काढला, पण खोऱ्याला बातमीत जागा थोडी मिळाली. बरोबर चौदा वर्षांनी, २६ जुलै २०१९ च्या रात्री, कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान, चामटोलीजवळ पुराच्या पाण्यात अडकून पडली. उजाडले तेव्हा गाडीच्या दोन्ही अंगांना पाणीच पाणी. आत सुमारे १,०५० उतारू, त्यांत गरोदर स्त्रिया आणि लहान मुले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी होड्या आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, हवाई दलाची हेलिकॉप्टरे आकाशात घिरट्या घालू लागली. आसपासचे गावकरीही कमरेइतक्या पाण्यातून मदतीला धावले. दुपार कलण्याच्या सुमारास सर्व उतारू सुखरूप बाहेर आले आणि त्यांच्यासाठी कल्याणहून कोल्हापूरला खास गाडी सोडण्यात आली. एकाही उतारूचा जीव गेला नाही. ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखीच आहे.

उतारू गेले, होड्या गेल्या, छायाचित्रकारही गेले. मागे राहिला तो चिखल. इतिहासकारांना गाडीची हकीकत सापडेल. चिखलाची हकीकत सापडायची असेल, तर गावच्या दप्तरात शिरले पाहिजे.

चामटोलीसारखे गाव नगरपरिषदेबाहेरचे, म्हणून तेथे ग्रामपंचायतीचा कारभार. नदी खाली बदलापुरात आली, हेंद्रेपाडा-वालिवलीकडे वळली, की तेच पाणी कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत येते. दोहोंकडे पूर ओसरल्यावरची कामे सारखीच. चिखल उपसावयाचा, मेलेली जनावरे पुरावयाची, विहिरींत आणि टाक्यांत औषध टाकावयाचे, जंतुनाशक पावडर शिंपावयाची. हे झाले पंचायतीचे किंवा नगरपरिषदेचे काम. नुकसानीची मोजदाद आणि पैशाचे वाटप मात्र महसूल खात्याचे, म्हणजे तहसीलदाराचे. लोक नगरसेवकाच्या दारी जातात, नगरसेवक तहसीलदाराकडे बोट दाखवितो आणि तहसीलदार निकषांच्या कागदाकडे. या बोट दाखविण्यात लबाडीच असते असे नाही. कायद्याने अधिकारच तसे वाटून दिले आहेत.

पंचनाम्याची रीत जुनी आहे. गावचा हिशेब पूर्वी कुलकर्णी ठेवीत असे. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेले, १९६३ च्या आरंभी पाटीलकीही गेली आणि दप्तर सर्वस्वी पगारी तलाठ्याच्या खांद्यावर आले. २०२४ साली सरकारने तलाठ्याला 'ग्राम महसूल अधिकारी' हे भारदस्त नाव दिले. गावात अजून त्याला तलाठीच म्हणतात. पुरानंतर तो कोतवालाला घेऊन दारोदार फिरतो. घर कच्चे की पक्के, भिंत पडली की नुसती भिजली, भांडी किती गेली, जनावर दावणीला मेले की वाहून गेले, हे लिहितो. दोन पंचांच्या सह्या घेतो. बँकेच्या पुस्तकाची नक्कल जोडतो. नक्कल मागितली की पुष्कळदा कळते, पुस्तक कपाटासकट भिजले आहे.

येथवर सारे ठीक. गाडे अडते ते पुढे. आपत्तीच्या मदतीसाठी केंद्र सरकारने ठरविलेले निकष असतात. २०१५ पासून लागू असलेल्या निकषांत कपड्यांसाठी कुटुंबामागे १,८०० रुपये आणि भांडीकुंडी, घरसामानासाठी २,००० रुपये होते. परंतु ते कोणाला? ज्याचे घर वाहून गेले, पूर्ण मोडले, अथवा दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्याखाली राहिले त्याला. दोन दिवस! उल्हासचे पाणी काही पाहुण्यासारखे दोन दिवस मुक्काम ठोकीत नाही. ते पीठ, तांदूळ, मुलांची दप्तरे, शिवणाचे यंत्र यांचा एका रात्रीत चिखल करते आणि निघून जाते. गृहिणीच्या लेखी संसार बुडाला. निकषाच्या लेखी तो पुरेसा वेळ बुडालेला नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले. शहराचा चेहरामोहरा बदलून टाकणारा तो प्रलय. पण त्याचेही पाणी रात्र सरेपर्यंत नदीकडे परतले होते. दोन दिवसांची मोजपट्टी लावली, तर ज्या घरांत माळ्यापर्यंत पाणी चढले पण भिंती उभ्या राहिल्या, ती घरे पूरग्रस्तांत बसणार नाहीत.

ही अट कोणा दुष्ट माणसाने घातली, असे मला वाटत नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या सपाटीवर पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहते. तेथे दोन दिवस म्हणजे किरकोळ गोष्ट. शिवाय आपल्या सरकारी मदतीची घडण मुळात दुष्काळावर झाली आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर आयोग बसला, दुष्काळसंहिता झाल्या. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाईला रूप दिले. दुष्काळ सावकाश येतो. पीक पाहावे, आणेवारी लावावी, वर कळवावे, मंजुरीची वाट पाहावी, एवढी सवड तो देतो. रात्रीत येऊन संध्याकाळी जाणाऱ्या पाण्याला ही संथ चाल कशी पुरी पडावी?

शेताचीही तीच कथा. जुलैअखेर म्हणजे लावणी नुकतीच आटोपलेली. त्या वेळी खाचरात पाणी शिरले की रोप जाते, बांध फुटतो आणि वर रेती पसरते. पूर्वी निम्मे पीक गेल्याखेरीज मदत नसे. २०१५ साली ही मर्यादा ३३ टक्क्यांवर आणली, ही चांगली सुधारणा झाली. त्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ६,८०० रुपये होते. गुंठ्याचा हिशेब केला तर सत्तर रुपयेही पडत नाहीत, आणि आमच्याकडची खाचरे गुंठ्यांतच मोजावी लागतात. किमान १,००० रुपये द्यावेत असे एक कलम होते, म्हणून लाज राखली जाई. शेतात तीन इंचांहून जास्त गाळ साचला तर तो काढण्यास हेक्टरी १२,२०० रुपये. बांधावर बसून पट्टीने तीन इंच मोजणारा तलाठी डोळ्यांपुढे आणून पाहावा.

२०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरला महापूर आला, तेव्हा ही अट प्रथम सर्वांच्या तोंडी झाली. घर दोन दिवस पाण्यात असेल तर दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ फुकट, असा सरकारी आदेश निघाला आणि त्यावर टीकेची झोड उठली. गंमत अशी, की कृष्णा-पंचगंगेचे पाणी दोन दिवसांहून कितीतरी अधिक राहिले होते. अट ज्यांना खरी नडणारी, ते कोकणातले लोक त्या गदारोळात कोणाच्या ध्यानातही नव्हते.

कोकणाचा आवाज ऐकू आला तो दोन वर्षांनी, चिपळूणला. वाशिष्ठीकाठचे हे गाव उल्हासखोऱ्याचे जणू सख्खे भावंड. गोवळकोटच्या खाडीची भरती-ओहोटी त्याच्या उशाशी. आणि कोयनेची वीज झाल्यावरचे पूर्वेचे पाणी वाशिष्ठीतही उतरते. २२ जुलै २०२१ च्या पहाटे पाणी बाजारपेठेत शिरले ते पहिल्या मजल्याला टेकले. २३ तारखेला ते उतरू लागले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तके २००५ पाठोपाठ दुसऱ्यांदा चिखलात गेली. या वेळी राज्य सरकारने केंद्राच्या निकषांपुढे जाऊन कुटुंबामागे १०,००० रुपये दिले, दुकानदारांसाठी ५०,००० पर्यंत मदत जाहीर केली. ओरड झाल्याने हात सैल झाला, हे कबूल केले पाहिजे.

त्यानंतर चिपळूणकरांपुढे रेषांचा प्रश्न आला. महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखतात. पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई, दोहोंच्या मध्ये नियंत्रण. चिपळूणची बहुतेक बाजारपेठ या रेषांत सापडली. लोक म्हणाले, आमची घरे आधीची, गाळ नंतरचा. आधी नदी उपसा, मग रेषा ओढा. नेमक्या याच सुमारास, डिसेंबर २०२१ मध्ये, नगरपरिषदेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. गावाला पुराचा प्रश्न मांडायचा होता तेव्हा मांडायला सभागृहच नव्हते. तेव्हा चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण धरले. अनेक दिवस ते चालले आणि नव्या वर्षाच्या आरंभी वाशिष्ठीच्या पात्रात यंत्रे उतरून गाळ निघू लागला.

बदलापुरात अशाच रेषा उल्हासच्या काठी २०१९ नंतर नव्याने आखल्या गेल्या आणि तेथेही वाद माजला. ज्याचे घर रेषेआत गेले त्याला दुरुस्तीचा परवाना मिळेना, घर विकावे तर गिऱ्हाईक मिळेना. मी स्वतः रेषेच्या बाजूचा आहे. नदीला तिची जागा द्यावीच लागेल. परंतु रेषा आखणाऱ्याने आतल्या माणसाला 'मग तू कोठे जावेस' हे सांगितले पाहिजे, आणि तसे सांगणारा रकाना कोणत्याच नकाशात नसतो. बदलापूरच्या नगरपरिषदेतही २०२० पासून प्रशासकच होता. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर दोन्ही गावांत पुन्हा निवडून आलेली माणसे आली आहेत. निळ्या-लाल रेषांचे नकाशे आता त्यांच्या टेबलावर आहेत.

केंद्राचे निकष २०२२ साली पुन्हा छापून निघाले. कपड्यांना १,८०० चे २,५०० झाले, भांड्यांना २,००० चे २,५०० झाले. 'दोन दिवसांपेक्षा अधिक काळ' हे शब्द त्यांत पूर्वीप्रमाणेच आहेत.