विभाजनाच्या अभ्यासाचा खर्च : सॅन फर्नांडो खोऱ्याचे पृथक्‌करण आंदोलन (१९९६-२००२)

प्रस्तावना

महानगरातून एखादे उपनगर विभक्त व्हावे की नाही, हा प्रश्न वरकरणी अस्मितेचा भासतो. प्रत्यक्षात तो हिशेबाचा असतो. हा हिशेब कोणी मांडावा व त्याचा खर्च कोणी सोसावा, यावरच अनेकदा आंदोलनाचे भवितव्य अवलंबून असते. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरापासून स्वतंत्र होण्याचा सॅन फर्नांडो खोऱ्याचा प्रयत्न या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

५ नोव्हेंबर १९१३ रोजी विल्यम मुलहोलंड यांनी उभारलेल्या जलवाहिनीतून ओवेन्स खोऱ्याचे पाणी लॉस एंजेलिसला पोहोचले. हे पाणी मिळावे म्हणून १९१५ मध्ये सॅन फर्नांडो खोऱ्याचा बहुतांश भाग शहरात विलीन झाला आणि शहराचे क्षेत्रफळ दुपटीहून अधिक वाढले. स्वतःचा भूजलसाठा असलेले सॅन फर्नांडो हे गाव मात्र स्वतंत्र राहिले. म्हणजेच हे विलीनीकरण गरजेपोटी झाले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर खोऱ्यातील शेते व फळबागांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. कर भरूनही त्या प्रमाणात सेवा मिळत नाहीत, ही तक्रार तेव्हापासून बळावत गेली. १९७० च्या दशकात पृथक्‌करणाची मागणी पुढे येताच राज्याच्या कायद्याने अशा प्रस्तावावर नगरपरिषदेला नकाराधिकार दिला व ती मागणी थंडावली.

अभ्यासाची मागणी आणि निधीचा प्रश्न

हा नकाराधिकार काढून टाकणारे पॉला बोलंड यांचे विधेयक १९९६ मध्ये निष्फळ ठरले. १९९७ मध्ये बॉब हर्ट्झबर्ग व टॉम मॅक्लिंटॉक यांच्या प्रयत्नांनी तसा कायदा झाला; परंतु खोरे आणि संपूर्ण शहर अशा दोन्ही ठिकाणी बहुमत मिळण्याची अट त्यात होती. त्यानंतर 'व्हॅली व्होट' या संघटनेने स्वाक्षरी मोहीम हाती घेतली. खोऱ्यातील २५ टक्के नोंदणीकृत मतदारांच्या स्वाक्षऱ्या आवश्यक होत्या. १९९९ मध्ये पडताळणीअंती १ लाख ३० हजारांहून अधिक स्वाक्षऱ्या वैध ठरल्या. येथे एक बाब लक्षणीय आहे. स्वाक्षरी म्हणजे विभाजनास संमती नव्हे, तर विभाजनाच्या अभ्यासाची मागणी, अशी संघटनेची मांडणी होती. त्यामुळे विभाजनाबाबत साशंक असलेल्या नागरिकांनाही स्वाक्षरी करणे शक्य झाले.

हा अभ्यास करणे ही 'लाफ्को' या स्थानिक सीमारचना आयोगाची जबाबदारी होती. नवे शहर स्थापण्याच्या प्रस्तावाचा खर्च सामान्यतः प्रस्तावकांनी सोसावा, अशी पद्धत होती. तथापि, येथे साडेतेरा लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या प्रदेशाचे उत्पन्न, मालमत्ता, कर्मचारी व कर्जे यांची विभागणी तपासावयाची होती. एखाद्या नागरी संघटनेला हा भार पेलणे अशक्यप्राय होते. खर्च प्रस्तावकांवरच टाकल्यास कायद्याने दिलेला हक्क व्यवहारात निरर्थक ठरला असता. उलट सार्वजनिक पैसा वापरल्यास विभाजनास विरोध असणाऱ्या करदात्यांनाही त्याचा भार उचलावा लागणार होता. अखेर राज्य शासनाच्या निधीमुळे अभ्यास मार्गी लागला. तरीही एक अडचण शिल्लक होती. हिशेबाची मूळ कागदपत्रे शहर प्रशासनाकडेच होती आणि ते प्रशासन या वादातील एक पक्षकार होते.

निष्कर्ष आणि मतदान

खोरे स्वतंत्रपणे तग धरू शकेल, असे आयोगाला आढळले. मात्र विभाजनाने उर्वरित शहराचे आर्थिक नुकसान होऊ नये, असे कायद्याचे बंधन होते. त्यामुळे खोऱ्याने पहिल्या वर्षी सुमारे १२.८ कोटी डॉलर शहराला द्यावेत व ही रक्कम दरवर्षी घटत जावी, अशी अट घालण्यात आली. या रकमेला लोकांनी 'पोटगी' असे नाव दिले. आपण देतो अधिक व मिळते कमी, या खोऱ्याच्या जुन्या तक्रारीला या अटीने एक प्रकारे दुजोराच मिळाला; परंतु त्याच अटीने स्वातंत्र्याची किंमतही निश्चित केली. सॅन पेद्रो बंदर परिसराचा स्वतंत्र प्रस्ताव आर्थिकदृष्ट्या अव्यवहार्य म्हणून फेटाळला गेला, तर खोरे व हॉलिवूड यांचे प्रस्ताव मतदानास ठेवण्यात आले.

५ नोव्हेंबर २००२ रोजी मतदान झाले. महापौर जेम्स हान यांनी विरोधी मोहिमेचे नेतृत्व केले. खोऱ्यात निसटते बहुमत, सुमारे ५१ टक्के, प्रस्तावाच्या बाजूने पडले. परंतु संपूर्ण शहरात सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी तो नाकारला. दुहेरी बहुमताच्या अटीमुळे प्रस्ताव बारगळला.

समारोप

आंदोलन अपयशी ठरले, तरी ते निष्फळ नव्हते. पृथक्‌करणाच्या दबावाखालीच १९९९ मध्ये शहराची नवी सनद मतदारांनी मंजूर केली व तीतून परिसर परिषदा अस्तित्वात आल्या. सार्वजनिक निधीतून झालेल्या अभ्यासाने कोणत्याही एका पक्षाला विजय मिळवून दिला नाही. मात्र तक्रारीचे रूपांतर आकड्यांत केले आणि निर्णय मतदारांच्या हाती सोपविला. विभाजनाचा हक्क कायद्याने देणे पुरेसे नसते; तो पारखून पाहण्याचे साधनही नागरिकांना उपलब्ध असावे लागते, हेच या प्रकरणातून स्पष्ट होते.