‘मी’ म्हणजे ‘तू’: सेपिक नदीकाठचं एक छोटं भाषाकुल

पापुआ न्यू गिनीतल्या सेपिक नदीच्या खोऱ्यात यिमास नावाची भाषा आहे. तिच्यात ‘मी’ म्हणजे ‘तू’ आणि ‘अमा’ म्हणजे ‘मी’. आपल्या ‘मी’, ‘आम्ही’शी जुळतंय ना? पण हा निव्वळ योगायोग. मग कुठलं साम्य पुरावा म्हणून धरायचं आणि कुठलं सोडून द्यायचं? तुमचा विषय कोणताही असो, हा प्रश्न तुम्हाला गाठणारच.

१९७० च्या दशकात डोनाल्ड लेकॉक आणि जॉन झ्ग्रागेन यांनी सेपिक आणि रामू नद्यांच्या खोऱ्यांतल्या सुमारे शंभर भाषा एका महाकुलात बसवल्या. हाताशी होत्या मुख्यतः छोट्या शब्दयाद्या आणि रचनेतली साम्यं. त्यांना लगेच नावं ठेवू नका. बहुतेक भाषांची व्याकरणंच तेव्हा लिहिलेली नव्हती. पण रचना शेजाऱ्याकडूनही येते. मराठीतला ‘आपण-आम्ही’ हा भेद द्राविडी भाषांतही आहे, म्हणून मराठी काही द्राविडी ठरत नाही.

१९८६ साली विल्यम फोली यांनी लहान गटापासून सुरुवात केली. लोअर सेपिक कुलात भाषा मोजून सहा: यिमास, कारावारी, अंगोराम, चांब्री, मुरिक, कोपार. ‘मी’साठी यिमास आणि कारावारीत ‘अमा’, अंगोराममध्ये ‘अमी’, मुरिकमध्ये ‘मा’. एवढ्यावर ते थांबले नाहीत. सर्वनामांचा संच, संख्यावाचक शब्द, रोजचे शब्द, सगळीकडे ध्वनी नियमाने जुळतात का ते त्यांनी तपासलं. एकटा शब्द योगायोगाने जुळू शकतो, अख्खा संच नियमाने जुळणं अवघड.

२००५ मध्ये माल्कम रॉस यांनी सर्वनामांच्या आधारे पुन्हा पडताळणी केली. मोठं महाकुल विस्कटलं. त्यातलं लोअर सेपिक आणि रामू यांचं नातं मात्र त्यांनी कायम ठेवलं.

यात घाई का आहे, तेही सांगते. फोलींचं यिमास व्याकरण १९९१ मध्ये आलं, तेव्हा बोलणारे जेमतेम काही शे होते आणि मुलं टोक पिसिनकडे वळली होती. प्रयोग चुकला तर आपण परत लावतो. इथे बोलणारेच उरले नाहीत, तर नवा पुरावा आणणार कुठून?

म्हणून पुढचा पेपर वाचताना निष्कर्षाआधी विदा बघा: किती, कुठून आणि कोणत्या कसोटीवर घासलेली.